एक पिन कोड, अनेक यंत्रे

४४१९०४ हा भंडारा शहराचा पिन कोड. पाकिटावर लिहिला की पत्र वैनगंगेच्या काठी बरोबर येऊन पडते. हाच आकडा एका छोट्या पास्कल प्रोग्रामला द्या. काम अगदी साधे आहे: आकडा एका जागेतून उचलायचा, ‘इंटिजर’ प्रकारच्या दुसऱ्या जागेत ठेवायचा आणि पडद्यावर छापायचा. संगणक तोच, कंपायलर तोच, ओळीही त्याच. फक्त सगळ्यात वरच्या ओळीतला ‘मोड’ बदलायचा. एका मोडमध्ये पडद्यावर ४४१९०४ उमटते, दुसऱ्या मोडमध्ये उमटते उणे १६८४८.

यात कंपायलरचा, म्हणजे लिहिलेल्या ओळी यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या प्रोग्रामचा, दोष नाही. दोन्ही उत्तरे त्याने समजून-उमजून दिलेली आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. हे कसे, ते समजून घेताना पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास, डझनभर जातींचे प्रोसेसर आणि कुणीही पगार देत नसताना तीस वर्षे चाललेले एक काम आपल्यासमोर उलगडत जाते. त्या कामाचे, म्हणजे या कंपायलरचे, नाव फ्री पास्कल.

हरवलेले दोन बाइट

आधी त्या उणे आकड्याचा छडा लावू. संगणक आकडे बाइटमध्ये साठवतो आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच मावते. ४४१९०४ साठवायला चार बाइट घेतले, तर त्यांत ०, ६, १९० आणि ४८ असे आकडे बसतात. पडताळून पाहा: ६ गुणिले ६५५३६, अधिक १९० गुणिले २५६, अधिक ४८. बेरीज नेमकी ४४१९०४ भरते.

१९८३ साली बोर्लंड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणला, तेव्हा पीसीमधला प्रोसेसर एका दमात सोळा बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा आकडा हाताळायचा. म्हणून टर्बो पास्कलचा ‘इंटिजर’ही दोन बाइटांचा. त्यात उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ एवढेच आकडे मावतात. भंडाऱ्याचा पिन कोड त्यात कोंबला की पुढचे दोन बाइट गळून पडतात आणि १९० व ४८ उरतात. त्यांचे मिळून ४८६८८ होतात. पण सोळा बिटांतला पहिला बिट चिन्हासाठी राखलेला असतो, त्यामुळे यंत्र हा आकडा ४८६८८ वजा ६५५३६, म्हणजे उणे १६८४८ असा वाचते. आकड्याची मर्यादा तपासण्याची सोय चालू ठेवली असेल तर प्रोग्राम ‘रनटाइम एरर २०१’ म्हणत तिथेच थांबतो. ती मुळात बंद असते, म्हणून चुकीचा आकडा बिनबोभाट पुढे जातो.

पुढे ३२-बिट यंत्रे आली. बोर्लंडच्याच डेल्फीमध्ये ‘इंटिजर’ चार बाइटांचा झाला आणि पिन कोड त्यात सहज मावू लागला. म्हणजे शब्द एकच, मापे दोन. पूर्वी एका गावची पायली आणि दुसऱ्या गावची पायली सारखी भरायची नाही, आणि व्यवहाराआधी कोणती पायली ते ठरवून घ्यावे लागे, तसेच हे. फ्री पास्कलमधला ‘मोड’ नेमके हेच ठरवून घेतो. टीपी मोड म्हटले की ‘इंटिजर’ दोन बाइटांचा, डेल्फी मोड म्हटले की चार बाइटांचा.

यात चकित करणारी गोष्ट अशी की जुन्या मोडमध्ये कंपायलर चूक ‘सुधारत’ नाही. १९९० साली कुणी दोन बाइटांवर विसंबून प्रोग्राम लिहिला असेल, तर त्या प्रोग्रामचा अर्थ दोन बाइटांतच आहे. आकडा ३२७६७ च्या पुढे गेला की उलटून उणे होतो, हे गृहीत धरून मुद्दाम लिहिलेले प्रोग्रामही असतात. त्यांना चार बाइट देणे म्हणजे त्यांचा अर्थ बदलणे. सुसंगती याचा अर्थ इथे जुन्या माणसाचे म्हणणे त्याच्या काळच्या मापाने ऐकणे असा होतो, आणि त्या मापाच्या खोडीही त्यात आल्या.

एका भाषेच्या अनेक बोली

पास्कल ही निकलाउस विर्थ यांची भाषा. झुरिकच्या ईटीएच या संस्थेत त्यांनी ती घडवली, १९७० साली ती लोकांसमोर आली आणि सतराव्या शतकातल्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाचे नाव तिला मिळाले. शिकवायला सोयीची म्हणून ती जगभर पसरली. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडच्या कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रोग्रामिंगची पहिली ओळख पास्कलनेच झाली.

पण पसरताना तिच्या बोली झाल्या. १९८३ मध्ये आयएसओ ७१८५ या क्रमांकाने तिचे प्रमाण रूप ठरले. त्याच वर्षी अँडर्स हेल्सबर्ग यांनी घडवलेला टर्बो पास्कल आला, आणि वेगाने व स्वस्ताईने त्याने प्रमाण रूपाला मागे टाकले. मॅकिंटॉशवर वेगळीच बोली रुळली. १९९५ मध्ये डेल्फी आली आणि वस्तुनिष्ठ, म्हणजे ऑब्जेक्टवर बेतलेल्या पास्कलचा नवा संसार उभा राहिला. फ्री पास्कल या सगळ्या बोली ऐकतो. त्याला टीपी, डेल्फी, मॅकपास, आयएसओ आणि एक्स्टेंडेड पास्कल असे मोड आहेत, शिवाय त्याचे स्वतःचेही दोन आहेत.

मोड बदलला की नुसती मापे बदलत नाहीत, व्याकरणही बदलते. फ्री पास्कलच्या स्वतःच्या बोलीत महिरपी कंसातल्या टिपणात दुसरे टिपण चालते. टर्बो पास्कलच्या आणि डेल्फीच्या बोलीत चालत नाही, पहिला बंद कंस दिसताच टिपण संपले. एखाद्या फंक्शनचा पत्ता दुसऱ्या जागेत ठेवायचा तर एका बोलीत आधी ‘अ‍ॅट’चे चिन्ह लावावे लागते, दुसरीत नुसते नाव पुरते. अशा बारक्यासारक्या फरकांची यादी लांबलचक आहे आणि कंपायलरला ती सगळी सांभाळावी लागते.

मोड प्रत्येक फाइलपुरता ठरतो, हे तर त्याहून विलक्षण. एकाच प्रोग्रामचा एक तुकडा १९९१ च्या टर्बो पास्कलमधला, दुसरा डेल्फीतला आणि तिसरा आज सकाळी लिहिलेला असू शकतो. तिघे आपापल्या बोलीत बोलतात आणि तरी मिळून एकच प्रोग्राम तयार होतो.

धनी गेला, घर राहिले

१९९२ मध्ये टर्बो पास्कलची सातवी आवृत्ती आली. डॉससाठी ती शेवटची ठरली, बोर्लंडने आपले लक्ष विंडोजकडे वळवले. ज्यांचे सगळे काम डॉसवर होते आणि ज्यांना नव्या ३२-बिट प्रोसेसरची ताकद हवी होती, त्यांच्यासाठी रस्ता संपला. फ्लोरियन क्लेम्प्फल हा जर्मन विद्यार्थी त्यांपैकीच एक. १९९३ मध्ये त्याने स्वतःचाच ३२-बिट कंपायलर लिहायला घेतला. लिहिला कशात? टर्बो पास्कलमध्येच. म्हणजे पहिल्या काळात त्याचा ३२-बिट कंपायलर हा स्वतः एक १६-बिट प्रोग्राम होता, आणि ज्याची जागा तो घेणार होता त्यानेच त्याला जन्म दिला होता. दोनेक वर्षांत तो एवढा पिकला की स्वतःच स्वतःला कंपाइल करू लागला.

२००० साली आवृत्ती १.० आली, २००५ मध्ये २.०, २०१५ मध्ये ३.०. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, खुला होता, त्यामुळे ज्याला जे यंत्र जवळचे त्याने ते यंत्र जोडत न्यावे अशी रीत पडली. लिनक्स आणि विंडोज तर आलेच. त्यांच्यासोबत मॅक ओएस, फ्रीबीएसडी, सोलारिस, हायकू, अँड्रॉइड, आयओएस, अमिगा, ओएस/२, आयबीएमची एआयएक्स, एवढेच काय, गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससारखी खेळण्याची यंत्रेही यादीत आली. अ‍ॅपलने आपल्या मॅकचा प्रोसेसर तीनदा बदलला: मोटोरोला ६८००० च्या घराण्यातून पॉवरपीसी, तिथून इंटेल आणि २०२० च्या अखेरीस आर्म. फ्री पास्कलला या चारही घराण्यांची भाषा येते. शेवटचा बदल झाला आणि अवघ्या काही महिन्यांत, मे २०२१ च्या ३.२.२ आवृत्तीत, नव्या मॅकसाठीची सोय आलेली होती.

आणि एक गोड उलटापालट पाहा. सोळा बिटांच्या डॉसमधून सुटका हवी म्हणून हा कंपायलर जन्मला. २०१५ च्या ३.० आवृत्तीत त्याने सोळा बिटांच्या डॉससाठीही प्रोग्राम घडवायला सुरुवात केली. कुणाला तरी ते हवे होते, आणि त्याने ते केले.

तोच आकडा, यंत्रागणिक वेगळा

‘अमुक प्रोसेसरसाठी चालतो’ हे वाक्य ऐकायला सोपे वाटते. पण त्यात काय काय येते ते पाहायला आपला पिन कोडच पुन्हा उपयोगी पडेल. प्रोग्राममधली ओळ एवढीच आहे: पिन बरोबर ४४१९०४. ही ओळ प्रोसेसरला कळेल अशा आज्ञांत उतरवायची आहे.

इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरला आकडा अख्खाच्या अख्खा एका आज्ञेत देता येतो. हातातल्या मोबाइलमध्ये बहुधा ६४-बिट आर्म प्रोसेसर असतो. त्याची प्रत्येक आज्ञा चार बाइटांची ठरलेली आहे, त्यात एवढा मोठा आकडा मावत नाही. मग आधी ४८६८८ भरायचा आणि दुसऱ्या आज्ञेने त्याच्या वरच्या सोळा बिटांत ६ बसवायचा. सन कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरची रीत आणखी वेगळी. तिथे वरचे बावीस बिट एका आज्ञेत आणि खालचे दहा दुसरीत जातात, म्हणून हाच आकडा ४३१ आणि ५६० असा फुटतो. ४३१ गुणिले १०२४, अधिक ५६० करून पाहा. आणि अर्दुइनोच्या छोट्या पाटीवरचा आठ-बिटांचा एव्हीआर प्रोसेसर? त्याला एका वेळी एकच बाइट पेलतो. त्याला ४८, १९०, ६ आणि ० असे चार घास भरवावे लागतात. या आकड्यात नुसता एक मिळवायचा म्हटला तरी तिथे हातचा पुढे नेत चार पायऱ्यांची बेरीज होते.

एका साध्या ओळीची एवढी रूपे. मग फंक्शन कसे बोलवायचे, निकाल कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायचा, दशांश अपूर्णांकांचे गणित प्रोसेसरला जमत नसेल तर ते कसे उरकायचे, असे शेकडो प्रश्न उरतातच. प्रत्येक यंत्रासाठी सगळा कंपायलर नव्याने लिहायचा तर जन्म पुरणार नाही. फ्री पास्कलची शक्कल अशी की प्रोग्राम वाचून त्याचा अर्थ लावण्याचे काम सगळ्या यंत्रांसाठी एकच. त्या अर्थाचे एक झाड तयार होते आणि झाडाच्या प्रत्येक गाठीवर ‘इथे बेरीज’, ‘इथे तुलना’, ‘इथे आकडा ठेव’ असे काम नोंदलेले असते. बेरजेच्या गाठीसाठी आधी एक सर्वसाधारण कृती लिहिलेली आहे. एखाद्या प्रोसेसर घराण्याला वेगळे काही हवे असेल तर तेवढाच भाग त्या घराण्याच्या फोल्डरमध्ये नव्याने लिहायचा. घराण्यातल्या एखाद्या सदस्याची आणखी वेगळी खोड असेल तर फक्त त्याच्यापुरती भर घालायची. जिथे वेगळेपण नाही तिथे सामान्य कृतीच चालते. नवे यंत्र जोडणाऱ्याला त्यामुळे सगळी भाषा शिकवत बसावे लागत नाही, फक्त यंत्राचे वेगळेपण सांगावे लागते.

म्हणूनच लॅपटॉपवर बसून मोबाइलसाठी किंवा एखाद्या छोट्या पाटीसाठी प्रोग्राम बनवता येतो. कंपायलर चालतो एका यंत्रावर आणि त्यातून निघणाऱ्या आज्ञा असतात दुसऱ्याच्या भाषेत. ‘एकदा लिहा, कुठेही कंपाइल करा’ हे फ्री पास्कलचे ब्रीद याच अर्थाने खरे आहे. तयार प्रोग्राम कुठेही चालेल असे ते म्हणत नाही. सोर्स कोड तोच ठेवा, यंत्रागणिक नवा प्रोग्राम घडवून देतो, एवढेच त्याचे वचन.

पुण्यातले परम आणि उलटे बाइट

यंत्र बदलले की काय काय बदलते, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्यूटर नावाचे प्रोसेसर होते. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्क प्रोसेसरवर उभा राहिला. २००३ च्या परम पद्ममध्ये आयबीएमचे पॉवर४ आले, २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचे झिऑन. नाव ‘परम’च राहिले, पण सतरा-अठरा वर्षांत आतल्या यंत्राची भाषा चार वेळा वेगळी. त्यांतल्या स्पार्क, पॉवर आणि इंटेल या तिन्ही घराण्यांसाठी फ्री पास्कल आहे. ट्रान्सप्यूटरसाठी मात्र नाही.

भाषेइतकाच फसवा असतो तो बाइटांचा क्रम. इंटेलचा प्रोसेसर आकड्याचा लहान भाग आधी ठेवतो. भंडाऱ्याचा पिन कोड त्याच्या स्मृतीत ४८, १९०, ६, ० असा बसतो. परम १०००० मधला स्पार्क मोठा भाग आधी ठेवतो: ०, ६, १९०, ४८. दोघेही आपापल्या घरी बरोबर. पण इंटेलवर लिहिलेली फाइल जशीच्या तशी स्पार्कवर नेऊन वाचली, तर पिन कोड होतो ८१,७७,५९,७४४. एकही बाइट हरवलेला नाही, एकही बदललेला नाही, आणि तरी भंडारा नकाशावरून नाहीसे झाले.

कंपायलर इथे मदत करतो ती एवढीच: कोणता क्रम चालू आहे हे प्रोग्रामला विचारता येते, आणि बाइट उलटवून देणारी तयार फंक्शन्स मिळतात. पण ती वापरायची आठवण प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठेवावी लागते.

सात तालुके, पाच बाइट की आठ?

प्रोग्राम नव्या यंत्रावर कंपाइल झाला की लोक समाधानाचा श्वास सोडतात. खरी परीक्षा पुढे असते, जुनी माहिती उघडताना.

भंडारा जिल्ह्यात सात तालुके: भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. पास्कलमध्ये अशा ठरावीक नावांचा एक प्रकार घोषित करता येतो. कंपायलर प्रत्येक नावाला ० ते ६ असा क्रमांक देतो. आता एक नोंद करू: तालुका आणि त्यासोबत चार बाइटांचा पिन कोड. टर्बो पास्कलमध्ये तालुक्याला एक बाइट लागतो, पिन कोडला चार, नोंद पाच बाइटांची. सात तालुक्यांची फाइल पस्तीस बाइटांची. तीच नोंद फ्री पास्कलच्या स्वतःच्या मोडमध्ये घोषित केली तर तालुक्याला चार बाइट मिळतात, कारण ३२-बिट प्रोसेसरला चाराच्या पटीत हाताळणे सोपे जाते. नोंद आठ बाइटांची होते. जुनी पस्तीस बाइटांची फाइल आठ-आठच्या तुकड्यांत वाचायला घेतली की पहिल्याच नोंदीत पिन कोडचे तीन बाइट तालुक्याच्या जागी शिरतात आणि पुढे सगळीच सरमिसळ होते.

यावर उपाय आहेत. नोंदीला ‘पॅक्ड’ म्हणायचे, म्हणजे मध्ये रिकाम्या जागा राहत नाहीत. शिवाय नावांच्या प्रकाराला एकच बाइट दे, अशी सूचना वर लिहायची. नोंद पुन्हा पाच बाइटांची होते आणि जुनी फाइल सुरळीत उघडते. दशांश आकड्यांचे दुखणे याहून मोठे. टर्बो पास्कलचा ‘रिअल’ सहा बाइटांचा होता, फ्री पास्कलचा आठ बाइटांचा आहे, आणि आतली मांडणीही निराळी. सहा बाइटांचा जुना आकडा वाचून नव्यात बदलून देणारी सोय फ्री पास्कलमध्ये मुद्दाम ठेवलेली आहे. तीस वर्षांपूर्वीचे हिशेब कुणाला तरी पुन्हा उघडावे लागतील, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

‘भंडारा’ची लांबी किती?

आकड्यांवरून अक्षरांकडे आलो की गोष्ट आणखी रंगते. ‘भंडारा’ या शब्दाची लांबी किती, हे संगणकाला विचारा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात. पण साठवताना भ, अनुस्वार, ड, काना, र, काना अशी सहा चिन्हे होतात. डॉसच्या काळात भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण होते. सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने पीसीच्या पडद्यावर देवनागरी दिसू लागली ती त्याच घराण्यातल्या संकेतांनी. इस्कीत प्रत्येक चिन्हाला एक बाइट, म्हणून ‘भंडारा’ सहा बाइटांत मावायचे. पुढे युनिकोड आला. त्याच्या यूटीएफ-१६ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, एकूण बारा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, एकूण अठरा.

‘डेल्फी २००९’ या आवृत्तीने ‘स्ट्रिंग’ या प्रकाराचा अर्थ बदलून तो यूटीएफ-१६ केला. तिथे ‘भंडारा’ची लांबी विचारली तर उत्तर येते ६. फ्री पास्कलने जुना बाइटांचा ‘स्ट्रिंग’ सोडला नाही, आणि त्यात मजकूर यूटीएफ-८ मध्ये असेल तर उत्तर येते १८. डेल्फीसारखेच वागायला हवे असणाऱ्यांसाठी ‘डेल्फी युनिकोड’ असा वेगळा मोड दिला, त्यात उत्तर पुन्हा ६. आपले उत्तर, तीन, यांतला कुणीच आपणहून देत नाही.

इंग्रजीत या फरकाची झळ सहसा लागत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो. मराठीत ती लगेच लागते. जुन्या प्रोग्राममध्ये गावाच्या नावासाठी पंधरा बाइटांची जागा राखलेली असेल, तर इस्कीच्या काळात तीत भंडारा आणि लाखांदूर दोन्ही आरामात मावत होते. आज त्याच जागेत यूटीएफ-८ मधले ‘भंडारा’ ठेवले की शेवटचा काना गळतो आणि उरते ‘भंडार’. दहा बाइटांची जागा असेल तर ‘भंड’ आणि पुढे तुटलेल्या अक्षराचा एक अनाथ बाइट. आवृत्ती ३.० पासून फ्री पास्कलमधला मजकूर आपण कोणत्या संकेतपद्धतीत आहोत हे स्वतःसोबत बाळगतो, आणि एका पद्धतीतून दुसरीत जाताना शक्य तिथे आपोआप बदल होतो. म्हणजे पिन कोडचे जे झाले तेच नावाचेही झाले. ओळीत लिहिलेले पुरेसे नव्हते, ओळीमागचे गृहीत उघड सांगावे लागले.

यंत्राचा वेग हेही एक गृहीत

सगळ्यात अजब गृहीत होते वेगाचे. टर्बो पास्कल ७ मध्ये पडद्याचे काम पाहणारे ‘सीआरटी’ नावाचे युनिट होते. प्रोग्राम सुरू होताच ते यंत्राचा वेग मोजायचे: सुमारे ५५ मिलिसेकंदांत एक पोकळ चक्र किती वेळा फिरते ते पाहायचे आणि त्या संख्येला ५५ ने भागायचे. भागाकार सोळा बिटांत मावेल, असे धरलेले होते. दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपासची आणि त्याहून वेगवान यंत्रे आली आणि भागाकार मावेनासा झाला. प्रोसेसरने तक्रार केली आणि पडद्यावर आले ‘रनटाइम एरर २००’, म्हणजे शून्याने भागल्याची चूक. शून्य कुठेच नव्हते. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले प्रोग्राम नव्या पीसीवर पहिली ओळ छापण्याआधीच कोसळू लागले, आणि कारण एवढेच की नवा पीसी फार चांगला होता. फ्री पास्कलने ‘सीआरटी’ हे नाव आणि त्यातली फंक्शन्स ठेवली, पण आतले काम नव्याने लिहिले. जुना सोर्स कोड त्यावर पुन्हा कंपाइल केला की ही चूक येत नाही. ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम सुरूच होत नाहीत, तिथेही सोर्स कोड जपून ठेवणाऱ्यालाच हा रस्ता मोकळा असतो.

अर्थात सगळेच वाचत नाही. पडद्याच्या स्मृतीत थेट अक्षरे लिहिणारे, हार्डवेअरच्या पोर्टला हात घालणारे किंवा असेंब्लीच्या ओळी पेरलेले प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर तसेच जात नाहीत. ते तुकडे वेगळे काढून यंत्रागणिक नव्याने लिहावे लागतात.

स्वतःची परीक्षा स्वतःच

एवढ्या यंत्रांसाठी, एवढ्या बोलींत आज्ञा घडवणारा कंपायलर स्वतः बरोबर आहे हे कसे कळायचे? फ्री पास्कल स्वतः पास्कलमध्ये लिहिलेला आहे, आणि त्याच्या तपासणीची एक पद्धत मोठी सुंदर आहे. आधीच्या आवृत्तीच्या कंपायलरने नवा सोर्स कोड कंपाइल करायचा. त्यातून पहिला कंपायलर निघतो. त्या पहिल्याने तोच सोर्स कोड पुन्हा कंपाइल करायचा, निघतो दुसरा. दुसऱ्याने पुन्हा तोच, निघतो तिसरा. आता दुसरा आणि तिसरा बाइटाबाइटाने ताडून पाहायचे. पहिला जुन्याच्या हातून घडलेला असल्यामुळे त्याच्या आज्ञा वेगळ्या असू शकतात. पण दुसरा आणि तिसरा एकाच सोर्स कोडमधून, एकाच वागणुकीच्या कंपायलरने घडवलेले आहेत. ते तंतोतंत सारखे निघालेच पाहिजेत. एका बाइटाचा जरी फरक पडला तरी कुठेतरी आज्ञा चुकीची घडते आहे. नवे यंत्र जोडणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा दिवस हाच, त्याच्या यंत्रावर कंपायलरने स्वतःला घडवले आणि दोन प्रती जुळल्या.

कोणती यंत्रे यादीत राहतात, हे मात्र कुठल्या कंपनीच्या बैठकीत ठरत नाही. एखादे यंत्र जवळ असलेला, त्याच्या आज्ञा वाचण्याची चिकाटी असलेला माणूस आहे तोवर ते यंत्र जिवंत राहते. तो थांबला आणि दुसरा कुणी पुढे आला नाही की त्या फोल्डरमधल्या फाइलींवर धूळ बसू लागते. अमिगासारखी बाजारातून केव्हाच गेलेली यंत्रे अजून यादीत आहेत, ती अशाच माणसांमुळे. सध्या रिस्क-५ हे खुल्या आराखड्याचे प्रोसेसर घराणे वाढते आहे, भारतातही आयआयटी मद्रास आणि सी-डॅक त्यावर प्रोसेसर घडवत आहेत, आणि फ्री पास्कलच्या विकासशाखेत त्यासाठीचे काम झालेले आहे. कंपायलर फुकट मिळतो, त्याचा सगळा सोर्स कोड त्यासोबत मिळतो, आणि वाचायला तो पास्कलमध्येच आहे. तुमसर किंवा साकोलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यातल्या बेरजेच्या गाठीपासून वाचायला सुरुवात केली, तर त्याला कुणाची परवानगी लागत नाही. त्याच्या हातातल्या पाटीवरचे यंत्र पुढच्या आवृत्तीत असेल की नाही, हे थोडेफार त्याच्यावरही अवलंबून आहे.